ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा

जळकोट
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

सोमेशा,

आधी कोन आलं ते सांगते, खुशाली मागनं. आधी आला तो गुरुसिद्धप्पा, तुझा उचलगाडीवाला. मानूस येवढा उंच की दारातनं वाकून आला आन् म्हनला, "अव्वा, नीर कोड्री." ओठावरनं वळखलं म्या. कान गेल्यापासनं मराठीपरास कानडीचे ओठ मला लवकर कळतात, का ते ठावं न्हाय. पानी दिलं, च्या दिला, शेंगाची चटनी आन् कडक भाकरी म्होरं ठिवली. नगं नगं म्हनत दीड भाकर खाऊन उठला. त्येच्या मागनं निम्मी गल्ली आली. शिवांजली आली लेकराला कडंवर घिऊन, तिला आपल्या घरी आवाज झाला की ऱ्हावत न्हाय.

मग ताडपत्री काढली. आत काय असंल? आपली लाल कोंबडी, मागच्या सीटीवर, अंड्यावर बसल्याली. म्या तिला गावभर हुडकीत हुते आन् ही बया अँबेसिडरमधी मालकिनीवानी बसली हुती. गुरुसिद्धप्पानं हात घातला तशी त्येला चोचली. समदे हासले. मला हासू ऐकू येत न्हाय पर दात दिसतात.

गाडी साखळीनं वर घेतली तवा मातूर मी घरात गेले. नाक चेपल्यालं, काच न्हाय. तीन वरसं ताडपत्रीखाली हुतं तेच बरं हुतं. तुझा बाप विरेश आन् संगं शेजारच्या कमलबाईचा लेक अमरसिंह, पहाटं सोलापूरला म्हनून निगाले ते ह्याच गाडीत, उसाच्या ट्रॉलीखाली गेले. तवापासनं कमलबाई आपल्या उंबऱ्यावर चढली न्हाय. मी ह्या घरात आले तवापासनं रोज दुपारी येऊन बसनारी बाई. शेंगा फोडाया बसली की निम्म्या तोंडात टाकायची, वर मलाच म्हनायची, "सिद्धम्माबाई, तुमच्या शेंगांस्नी दानं कमी हायती." आता भिंतीपलीकडं खोकली तरी मला कळत न्हाय.

तिचं म्हननं येकच. विरेशला झोप लागली आन् त्यो माझं पोर घिऊन गेला. पोलिसानंबी तसंच लिवलं. तुझी आईबी मनात तेच धरून बसली, आदल्या दिसाच्या हैदराबादच्या भाड्यानं दमल्याला मानूस कशापायी जाऊ दिला म्हनून सोताला दोस देती. म्हनून तर ती ह्या घरात ऱ्हाईना, तुझ्याकडं सोलापुरात आली. गाडी भंगारात घाला म्हनून माझ्यामागं लागली हुती.

म्या दिली न्हाय. माझा विरेश गाडीवर झोपनारा न्हवता. तू आता गॅरेजातला मानूस, पत्र्याचं काम करतोस. गाडी खोल आन् मला सांग. गाडी खोटं बोलनार न्हाय.

कमलबाई दाराआडनं बघत हुती. म्या बघितलं, तिनंबी बघितलं, आन् आज तिनं दार लावलं न्हाय. येवढं ध्यानात ठिव. मला लई आनंद झालाय.

तुझी आज्जी,
सिद्धम्मा

ता.क. कोंबडी ठिवून घेतली, अंडी गाडीतच गेली. बघ.


सोलापूर
बुधवार, १५ ऑक्टोबर २०२५

ती. आज्जीस सोमेशचा नमस्कार.

अंडी नळदुर्गच्या आधीच फुटली. गुरुसिद्धप्पा म्हणाले, वास सोलापूरपर्यंत सोबतीला होता. तुझ्या भाकरीचं मात्र गॅरेजात सगळ्यांना सांगितलं त्यांनी.

आता गाडीचं. आमचे मालक रामलिंगमामा म्हणाले, घरची गाडी आहे तर तूच खोल, मी हात लावणार नाही. दुपारचं काम संपलं की मी बसतो तिच्यापाशी. आधी सीटा काढल्या. मग रबरी मॅट, मग त्याच्या खालचा जाड लोकरीचा नमदा. मागचा तळ चांगला आहे. पुढची डावी बाजू चांगली आहे, मूळचा रंगसुद्धा आहे. ड्रायव्हरच्या बाजूचा नमदा मात्र हातात आला तो भिजलेल्या मातीसारखा, आणि त्याच्याखाली पत्रा नव्हताच. पापड होता. बोट लावलं की आरपार, खाली गॅरेजची फरशी दिसत होती.

आज्जी, आता पुढचं सावकाश वाच.

ड्रायव्हरच्या सीटचे पाय त्या पत्र्याला बोल्टनं आवळलेले असतात. मागचे दोन्ही बोल्ट पत्र्यासकट उपटून आलेत. धडक बसल्यावर सीट पुढं येते. ही मागं गेली आहे, भोकं मागच्या अंगाला फाटली आहेत. मी मामांना दाखवलं. ते गुडघ्यावर बसले, बॅटरी मारून भोकं बघितली. म्हणाले, "सोमेश, ह्या माणसानं ब्रेक दाबलाय. सगळी ताकद लावून दाबलाय. जेवढा जोरात दाबला तेवढी पाठ सीटवर रेटली गेली आणि सीट तळातनं उखडून मागं गेली. पाय ब्रेकवरनं सुटला तो त्यामुळं."

पप्पा झोपले नव्हते. त्यांनी ट्रॉली बघितली होती.

मी आईला गॅरेजात बोलावून दाखवलं. तिनं त्या भोकांवरनं बोट फिरवलं आणि तिथंच खाली बसली. घरी आल्यावर पप्पांचा फोटो पेटीतनं काढून भिंतीवर लावला. सोलापुरात आल्यापासनं तो पेटीतच होता.

एक गोष्ट कळत नाही. मामा म्हणतात, असा गंज आपल्या कोरड्या मुलखात धरत नाही. नुसत्या पाण्यानं पत्रा असा खात नाही, ह्याला मीठ लागलंय. कोकणातल्या, खाडीकाठच्या गाड्यांचे तळ असे येतात. त्यांनी विचारलं, गाडी कधी समुद्राकडं होती का? मला तरी माहीत नाही. पप्पांनी घेतली ती लातूरहून. तुला काही आठवतं का? आणि मॅटखाली कुजलेल्या कागदाचे लगदे निघाले, काळा दोरा गुंडाळलेले. भाड्याच्या माणसांचं काही असेल, मी झाडून टाकलं.

आता सगळा कुजका पत्रा कापून काढणार. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापत जायचं असतं. मग पुठ्ठ्याचा नमुना, त्याबरहुकूम नवा पत्रा, मग वेल्डिंग. नाक मग सरळ करू. गाडी परत चालेल.

हे पत्र कमलमावशींना दाखवलंस तरी चालेल.

तुझा,
सोमेश


जळकोट
शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५

सोमेशा, माझ्या सोन्या,

पोस्टमन पत्र दिऊन गेला आन् म्या उंबऱ्यातच बसून वाचलं. वाचून झालं, परत वाचलं. मग डोस्क्यावर पदर घेतला आन् सरळ कमलबाईच्या घरात. चपला बी घातल्या न्हाईत. तीन वरसात पैल्यांदा. ती जात्यापाशी बसली हुती. कागद तिच्या मांडीवर टाकला. तिला वाचता येत न्हाय म्हनून तिचा नवरा हिंमतराव आला, चष्मा लावला, वाचाया लागला. मी त्येचे ओठ बघत हुते. "झोपले नव्हते" म्हनताना ओठ कसे दिसतात ते मला आता मरंपातूर आठवंल.

कमलबाई रडली न्हाय. वरवंट्यावानी बसून ऱ्हायली. हिंमतराव उठून गोठ्यात गेला. म्या घरला आले, म्हनलं, व्हायचं ते झालं. आन् लक्ष्मीपूजनाच्या दिशी संध्याकाळी बघते तर दारात कमलबाई, हातात चिवड्याची ताटली. ताटली खाली ठिवली आन् म्हनली, "आत येऊ का?" आरं, तिनं कधी इचारलं हुतं का आत येऊ म्हनून? आली. बसली. विरेशच्या फोटोकडं बघून म्हनली, "म्या तुला लई शिव्या दिल्या रं." मग रडली. मीबी रडले. चिवडा पार मऊ पडला.

आता तुझ्या मामाचं. त्येला सांग, गाडी समिंदराकडं कशाला जाती? तुझा आज्जा येकदा तिकडं गेला हुता लग्नाला, एसटीनं, आन् आल्यावर म्हनला तिकडं समदं वलं असतंय, मानसंबी. ते जाऊ दे. गाडी कुटंबी गेली न्हाय.

आन् ते काळ्या दोऱ्याचं. ते भाड्याच्या मानसांचं न्हवं रं येड्या, ते माझं हाय. झाडून टाकलंस तरी चालंल, आता त्येचं काम सरलं. सांगून केलं की उतरत न्हाय म्हनून कुनाला सांगितलं न्हवतं, तुझ्या आईलाबी न्हाय. विरेशनं गाडी घेतली तवा पांढरी फेक गाडी बघून गल्लीच्या डोळ्यात भरली. म्या दर अमुशाला खडामीठ, मव्हरी आन् येक मिरची गाडीवरनं ओवाळायची, कागदात बांधायची, काळा दोरा गुंडाळायचा आन् सीटीच्या पायापाशी मॅटखाली सारायची. जिथं माझ्या लेकराचं पाय असतात तिथं. येकबी अमुशा चुकली न्हाय, गाडी घेतल्यापासनं ते त्यो जाईस्तवर. विरेशला ठावं हुतं. त्यो हासायचा पर पुडी काढायचा न्हाय. "आई, तुझं मीठ हाय तवर मला कायबी हुनार न्हाय," म्हनायचा.

आन् खरं सांगू का, ते मीठ काम करायचं. पुढच्या अमुशाला मॅट उचलून बघावं तर पुडी वली किच्च, मीठ इरघळून गेल्यालं. म्हंजी लोकांची नजर इरघळली. म्या मनातल्या मनात खुस व्हायची आन् त्येच्यावरच नवी पुडी ठिवायची. जुनी काढायची नसती. पावसाळ्यात तर लई लवकर इरघळायचं. तरीबी कुनाची तरी नजर त्येच्यापरास मोटी निगाली बघ.

तू नवा पत्रा घाल. पैली पुडी म्याच ठिवनार. आता तुझ्या पायाखाली.

तुझी आज्जी,
सिद्धम्मा


जळकोट
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

सोमेशा,

तुझं पत्र न्हाय. पोस्टमनला दोनदा आडवलं. त्यो हात हालवून जातो, म्हनतो आज्जी काय आलंच न्हाय तर काय देऊ. शिवांजलीनं तुला फोन लावला तर तू "कामात हाय" म्हनलास म्हनं. आसं कसलं काम? तब्येत बरी हाय न्हवं? वेल्डिंगचा उजेड डोळ्याला लागला का? काकडी ठिव डोळ्यावर.

हितं समदं चांगलं हाय. सोयाबीन पान्यात गेलं त्येचं काय सांगायचं, समद्यांचंच गेलं. कमलबाई आता येती. शेंगा फोडती, खाती, नावं ठिवती. मला तिच्या दातांत शेंगा बघून काय बरं वाटतं ते तुला सांगून कळनार न्हाय.

येकच हाय. हिंमतराव रोज भिंतीपाशी येऊन येकच इचारतो. "पत्रा कुजला म्हंजी कशानं कुजला? आपोआप कुजत न्हाय. कुनाची तरी चूक असंल. सोमेशला इचारा." त्येचं पोर गेलंय, त्यो इचारनारच. रातीची झोप न्हाय त्येला, डोळं लाल असतात. म्या म्हनलं, सोमेश लिवनार हाय. तर तू लिव. काय असंल ते लिव म्हंजी त्येच्याबी जिवाला बरं.

सिद्धम्मा


सोलापूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. आज्जीस,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं मी पुष्कळदा वाचलं. उत्तर लिहायला उशीर झाला, गॅरेजात गर्दी आहे. डोळे बरे आहेत.

हिंमतकाकांना सांग, पत्रा पाण्यानं कुजला. दुष्काळात, टँकरच्या साली, पप्पा मागच्या सीटा काढून गाडीतनं घागरी आणि कॅन आणायचे, गल्लीतल्या सगळ्यांचं पाणी. रस्त्याला खड्डे, पाणी सांडायचं. ते पुढं वाहत गेलं आणि ड्रायव्हरच्या पायाखाली नमद्यात मुरलं. मॅट वरनं कोरडं दिसत होतं, खाली कोणी बघितलं नाही. कोणाची चूक नाही. मामांचंही तसंच मत पडलं.

आणखी एक. नव्या तळाखाली आता काही ठेवायचं नाही. आतनं बाहेरनं डांबरी थर देणार आहे, त्याच्यावर कागदसुद्धा चालत नाही. तुला ओवाळायचं असेल तर ओवाळ आणि लांब उकिरड्यावर टाकून ये.

मिठाचं तू आणखी कोणाला बोलली नाहीस ना? बोलू नकोस. सांगितलं की उतरत नाही असं तूच म्हणतेस.

तब्येतीला जप. आई बरी आहे.

सोमेश


जळकोट
बुधवार, २६ नोव्हेंबर २०२५

सोमेशा,

पत्र पावलं. किती कोरडं लिवलंस रं, मामलेदारानं लिवल्यावानी. असू दे, दमलास.

मिठाचं कुनाला बोलले न्हाय. तुला सोडून कुनाला ठावं न्हाय. पर तुझ्या मामाला म्हनावं, डांबर डांबराच्या जागी आन् मीठ मिठाच्या जागी. डांबरानं कुटं नजर उतरती का? उकिरड्यावर टाकायचं म्हनतोस. उकिरड्याची राखन करायचीय का मला? ते आपुन समक्ष बोलू.

पान्याचं हिंमतरावाला सांगितलं. त्येनं ऐकलं आन् घरात गेला. कमलबाईनं मातूर परत परत इचारलं. म्हनली, "त्या साली आमच्या लेकीचं लगीन हुतं." म्या म्हनलं, "व्हय की, मला ध्यानात हाय, बुंदी कमी पडली हुती." ती म्हनली, "लग्नाचं समदं पानी विरेशनंच आनलं. ह्याच गाडीतनं. आमच्या किती घागरी असतील?" आता ते कोन मोजतंय? म्या हासून घालवलं. पर ती रोज तेच इचारती. येती, शेंगांस्नी हात लावत न्हाय, मांडीवर हात ठिवून बसती, आन् जाताना म्हनती, "आमच्याच घागरी लई असतील, न्हाय का?"

काल तिला तांब्या दिला तर बाजूला सारला. शिवांजली म्हनती, घरीबी पानी पीत न्हाय, लईच झालं तर ताकाचा घोट. मला वाटतं अमरसिंहाच्या नावानं कसला तरी उपास धरला असंल. लेकाची माया. हिंमतरावानं अंगनातली शिमिटाची टाकी घनानं फोडली, पानी गल्लीभर झालं. नवी बांधनार असंल. इचारलं तर त्येनं माझ्याकडं बघितलंबी न्हाय.

तरी मी म्हनते ती रोज येती हेच लई. माझ्यावाचून तिला करमत न्हाय आता. वाळलीय मातूर. पाटलीत कोपरापातूर हात जातो तिचा.

तू कवा येतूस?

आज्जी


सोलापूर
मंगळवार, २ डिसेंबर २०२५

आज्जी,

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं काम तसंच ठेवून हे लिहितोय.

कमलमावशींना आजच जाऊन सांग. सोमेशनं चुकीचं लिहिलं. घागरींचं पाणी मागच्या बाजूला होतं, आणि मागचा तळ चांगलाच आहे, मी स्वतः पहिल्या पत्रात तसं लिहिलंय. पाणी पुढच्या पत्र्यापर्यंत आलंच नव्हतं. त्यांच्या घागरींचा ह्याच्याशी काहीही संबंध नाही. वरचं एवढंच त्यांना वाचून दाखव. पाणी प्यायला सांग.

त्या विचारतील, मग कशानं. त्यांना म्हण, सोमेश रविवारी गाडी घेऊन येतोय, तो समोर बसून सांगेल. तू काही सांगायला जाऊ नकोस.

गाडी झाली. तळाचं शेवटचं वेल्डिंग मीच केलं. मामांनी एकदाही हातातनं वेल्डिंगची बंदूक घेतली नाही, फक्त मागं उभे होते. कापलेला जुना पत्रा त्यांनी एका पोत्यात भरून ठेवलाय, भंगारात देऊ का म्हणून विचारत होते. मी नको म्हटलं. मग त्यांनी विचारलं, तुला कळलं का मीठ कुठनं आलं ते. मी म्हटलं नाही. त्यांनी पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं.

रविवारी, ७ तारखेला, येतो. जास्त थांबता येणार नाही.

सोमेश


जळकोट
बुधवार, १० डिसेंबर २०२५

सोमेशा,

तू गेल्यावर काय काय झालं ते सांगते, मजाच झाली.

तसं तू आलास तवाच मला काय तरी येगळं दिसलं. गाडीचा आवाज मला कुटला, पर उंबरा थरथरला तशी मी बाहीर आले. बघते तर गाडी कमलबाईच्या दारात. आपल्या दाराआधी तिच्या. मला वाईट वाटलं न्हाय, त्यांचंबी लेकरू गेलंय. पर तू आत किती येळ बसलास. म्या हितं च्या तीनदा तापवला. आलास तवा तुझं तोंड असं उतरल्यालं, पाया पडलास ते उठंनास. काय बोललास म्हनून इचारलं तर म्हनलास, गाडीचं.

गाडी ब्येस केलीस. म्या वाकून तळाला हात लावला, गार लागला, येका तुकड्याचा वाटतोय. पुडी मी करून ठिवली हुती, नवा काळा दोरा आनून. तू ती माझ्या हातातनं घेतलीस आन् मॅटखाली न्हाय, तुझ्या खिशात घातलीस. मला म्हनलास, "आज्जी, माझ्याजवळ ठिवतो." बरं केलंस. गाडीपरास मानसाजवळ बरं.

तू गेलास. ऐतवारी कमलबाई आली न्हाय. सोमवारी न्हाय. दार लावल्यालं. शिवांजलीला म्हनलं बघून ये, ती म्हनली, दोगं आत हायती, चूल पेटली न्हाय. माझ्या काळजाचं पानी झालं. म्हनलं, पोरगं काय बोलून गेलं आन् माझी मैतरीन परत तुटली.

काल दुपारी आली. आधी आला हिंमतराव. अपघातापासनं त्येनं आपल्या अंगनात पाय ठिवला न्हवता. बसा म्हनलं, बसला न्हाय. विरेशच्या फोटोम्होरं टोपी काढून हुबा ऱ्हायला. च्या दिला, तसाच गार झाला. कमलबाई त्येच्या मागनं आली आन् माझ्याकडं बघितलंबी न्हाय, सरळ सैपाकघरात. चुलीवरच्या फळीवर मिठाची बरनी असती बघ, तिच्याम्होरं हुबी. मग बरनी काढली. दोनी हातांनी धरली. अशी वर उचलली की मला वाटलं आता ही आपटती. तिची माझ्याकडं पाठ हुती म्हनून काय बोलत हुती ते कळलं न्हाय, पर बोलत हुती, मान हालत हुती, लई येळ. हिंमतराव दारातनं काय तरी म्हनला. मोट्यांदा म्हनला असंल, कोंबड्या उडाल्या. लाल कोंबडी तर भिंतीवर.

मग ती वळली. माझ्याकडं बघत ऱ्हायली. म्या म्हनलं, "काय गं, मीठ सपलं का तुझ्याकडचं?" आन् हासले. आता काय करावं, ती अशी बघाया लागली की मला हासू आलं. तिच्या डोळ्यातनं पानी आलं आन् ती खालीच बसली, बरनी पोटाशी धरून. मी तिच्या पाठीवरनं हात फिरवला. ती पैल्यांदा दूर सरकली. मग सरकली न्हाय.

मग मला ओठ दिसतील असं तोंड वर करून म्हनली, "सिद्धम्माबाई, पानी द्या."

तांब्या दिला. समदा पेली, गटागटा, पदर भिजला. आता किती दिसांनी पेली असंल. उपास सुटला म्हनायचा.

मग काय केलं ठावं हाय? बरनीतलं समदं मीठ आपल्या पदरात वतून घेतलं आन् गाठ मारली. म्हनली, "आता मीठ मी बघते. विरेशच्या नावानं, अमरच्या नावानं, सोमेशच्या नावानं, जे काय करायचं ते मी करीन. तुमी हात लावायचा न्हाय. लई केलंत तुमी." आन् परत म्हनली, "लई केलंत." माझा ऊर भरून आला. इतकी वरसं येकटीनं केलं, आता कुनी तरी वाटून घेतंय. पर तिला मिठाचं कसं कळलं? तू सांगितलंस व्हय रं, चोरा? मला सांगू नकोस म्हनून बजावतोस आन् सोता सांगतोस. असू दे. तिला सांगितलं तर चालतंय.

रातीच्याला कालवनात टाकाया चिमूट न्हाय घरात. शिवांजलीकडनं आनलं.

जाताना हिंमतराव अंगनात थांबला, जिथं गाडी हुबी असायची तिथं. पायानं माती दाबून बघितली. मग म्हनला, "सिद्धम्माबाईस्नी म्हनावं, सोमेश चांगला पोरगा हाय." माझ्याकडं न्हाय, कमलबाईकडं बघून म्हनला, पर ओठ दिसले मला.

म्या म्हनलं, येळवशीला, येळ अमुशाला, शेतात या. विरेश गेल्यापासनं आपुन शेतात कडब्याची कोप घातली न्हाय, पांडव पुजले न्हाईत, कुनाला जेवाया बोलावलं न्हाय. औंदा घालते. कडबा हाय, तू नसलास तरी शिवांजलीचा नवरा कोप घालून दील. आंबील माज्या हातची, उंडे, भज्जी. हिंमतराव टोपी घालून वळला. मला वाटलं न्हाय म्हनतो. कमलबाईनं त्येच्या बाहीला धरलं. मग मला म्हनली, "येतो. भज्जीत मीठ मातूर मी घालनार."

म्या म्हनलं, घाल बाई, तुझंच हाय आता.

येळवस शुक्रवारी हाय, एकोनीस तारखेला. दोगंबी येतो म्हनलेत.

तुझी आज्जी,
सिद्धम्मा